शिगेनोआजीचा हिरवा डांगो

आमच्या देवळात दर वर्षी पंधरा मार्चला डांगो उधळतात. निजलेल्या बुद्धाचं जुनं चित्र गाभाऱ्यासमोर टांगायचं, पोथी वाचून व्हायची, आणि मग माझे यजमान, म्हणजे या देवळाचे बुवा, चौथऱ्यावर उभे राहून पाच रंगांचे, बोराएवढे, तांदळाच्या पिठीचे वाळवलेले गोळे मुठी भरभरून लोकांवर फेकतात. एरवी दारात "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत दहा मिनिटं घालवणारी आमची माणसं त्या दिवशी चटईवर गुडघे फोडून घेतात. कुणी छत्री उलटी धरून बसतं, कुणी एप्रनची झोळी करतं. हाती लागलेला डांगो कापडाच्या छोट्या पिशवीत शिवून वर्षभर खिशात बाळगायचा. म्हणजे साप चावत नाही, गाडी अंगावर येत नाही आणि माणूस छपरावरून पडत नाही, असं म्हणतात. मी बुवांची बायको आहे, मी वेगळं काही म्हणून चालणार नाही.

हे डांगो करतात गावातल्या अकरा बायका, आणि त्या अकराजणींना करते शिगेनो यामागिशी. वय अठ्ठ्याहत्तर, उंची चार फूट सात इंच, आवाज त्याच्या दुप्पट. तिचा नवरा चोजी कोळसे पाडायचा, त्याला जाऊन वीस वर्षं झाली. तो मुका नव्हता, पण गावात बऱ्याच जणांचा तसा समज होता. देवळातल्या मोठ्या लाकडी परातीपाशी आजी बेचाळीस वर्षं बसते आहे. मी ओसाकाहून लग्न होऊन इथे आले त्या पहिल्याच मार्चमध्ये तिनं माझे तळहात आपल्या गालाला लावून पाहिले आणि म्हणाली, "हे हात आहेत की शेगडी? जा, बर्फात घाल." बाहेर छातीएवढा बर्फ होता. मी नवी नवरी, देवळाची मालकीण म्हणून आलेली, आणि ओट्यावरून ओणवी होऊन कोपरापर्यंत हात बर्फात खुपसून बसले. चौतीस वर्षं झाली. अजूनही दर वर्षी घालते.

तिचे कायदे बरेच आहेत. गोळा वळताना बोलायचं नाही, कारण थुंकी उडते. रुसून आलेल्या बाईनं पिवळ्या रंगाला हात लावायचा नाही. का, ते कुणाला माहीत नाही आणि विचारायची कुणाची छाती नाही. उकड मळून झाली असं वाटलं, की आणखी शंभर वेळा मळायची. "तुम्ही थांबता ना, तिथून माझं मळणं सुरू होतं," असं ती म्हणते. कुणाचा गोळा वाकडा झाला तर तो परत मिळायचा, हातात नाही, थेट कपाळावर. आणि चांगला झाला तर "चालेल". मला हा शब्द इथे आल्यावर अकराव्या वर्षी मिळाला. मी घरी येऊन रडले, तर बुवांना वाटलं माहेरी काही झालं.

पण तिचा खरा तोरा एकाच गोष्टीचा. तिचे डांगो तडकत नाहीत. बाकीच्यांचे वर्षाअखेरीस कुठे चरा पडतो, कुठे कपचा उडतो. तिचा फोडायचाच म्हटला तर हातोडा लागतो. आणि फोडला तर आत एकसंध, शिवण नाही, घडी नाही. आमचे फोडून पाहा, आत कोबीसारखे पापुद्रे दिसतील. "बेचाळीस वर्षं," ती सांगायची, पोस्टमनला सांगायची, औषधवाल्याला सांगायची, "एक नाही तडकला."

तर गेल्या वर्षी फेब्रुवारीत तामेकिची छपरावरून पडला.

तामेकिची पूर्वी गावात टोफू करून विकायचा. आता सत्तर वर्षांचा आहे आणि बायकोचं ऐकत नाही. फुजिए म्हणाली, आज बर्फ काढायला वर चढू नका, तो ओला आहे. तो चढला. फावड्यासकट खाली आला, परसातल्या दगडी हौदाच्या काठावर आपटला आणि डावा घोटा मोडून घेतला. त्याला तालुक्याच्या दवाखान्यात पोचवून फुजिए जी परत आली, ती घरी न जाता सरळ माझ्या दारात.

"वहिनी, बुवा आहेत?"

बुवा मुख्य मठात आठ दिवसांसाठी गेले होते. तसं सांगितलं.

"मग तुम्हीच बघा." तिनं पिशवी उलटी केली. तळहातावर हिरवा डांगो पडला, मधोमध दोन तुकडे झालेला. "हा त्यांच्या खिशात होता. मग माणूस खाली कसा आला?"

"फुजिए, खाली सगळे एकाच वाटेनं येतात."

"चेष्टा नको. हा डांगो खराब होता. कुणी केला ते कळायला पाहिजे."

माझ्या आयुष्यात देवळाकडे पुष्कळ तक्रारी आल्या. पोथी लांबते, चटया थंड आहेत, बुवा स्मशानात शिंकले. पण प्रसाद सदोष निघाला म्हणून कुणी बदलून मागायला आलं नव्हतं. मी चहा टाकला. तेवढ्यात फुजिएनं कुणाकुणाला फोन केले कोण जाणे, अर्ध्या तासात अकराच्या अकराजणी हजर झाल्या, आणि सगळ्यांच्या शेवटी, भिंग घेऊन, शिगेनोआजी.

सगळ्या गोल करून बसल्या. मधे रुमालावर डांगोचे दोन तुकडे. आजीनं भिंग डोळ्याला लावलं आणि मला म्हणाली, "दिवा धर." मी दिवा धरला. त्यामुळे तिनं जे पाहिलं ते मीही पाहिलं. मोडलेल्या तोंडावर एक पापुद्रा नाही. शिवण नाही. घडी नाही. अंड्याच्या पांढऱ्यासारखं एकसंध, फक्त हिरवं.

या गावात तसा गोळा एकच बाई करते.

  आजीनं भिंग खाली ठेवलं.

"माझा नाही," ती म्हणाली. "हे नव्या हाताचं काम आहे."

गावात नवा हात एकच होता. त्याच्या दीडेक वर्ष आधी, शरदात, कानाए आणि तिचा नवरा योकोहामाहून येऊन आमच्याकडे राहिले होते, ओंडक्यांवर अळंबी पिकवायला. तिशीची पोरगी, सडपातळ, कुणी बोलेल म्हणून आधीच भ्यालेली. बाकीच्या सगळ्यांच्या माना एकदम तिच्याकडे वळल्या. तिनं काय करावं? दोन्ही हात चटईवर टेकले आणि कपाळ त्यांवर ठेवलं.

"माफ करा. माझंच चुकलं असणार. काकू, काकांना फार त्रास झाला, माझ्यामुळे."

आमच्याकडे ज्यानं पहिली माफी मागितली त्याच्या नावावर प्रकरण मिटतं. फुजिएचा राग जरा उतरला, बायकांनी उसासे टाकले, कुणी म्हणालं तरुण आहे, शिकेल. असं ठरलं की त्या मार्चला कानाएनं परातीपाशी बसायचं नाही, चटया झटकायच्या. आणि मी, जिनं दिवा धरला होता, मी काय केलं? मी सगळ्यांना आणखी चहा दिला. शिगेनोआजी माझी गुरू आहे, हे एक कारण. मी भित्री आहे, हे दुसरं. दुसरं जास्त खरं.

चार दिवसांनी बुवा परतले. आमचे बुवा बोलतात कमी आणि झोपतात पुष्कळ. जेवताना मी त्यांना सगळं सांगितलं, म्हणजे दिव्याचं सोडून सगळं. ते लोणच्याचा मुळा चावत राहिले.

"मोडला?"

"दोन तुकडे."

"कुठून पडला तामेकिची?"

"वरच्या छपरावरून. दगडी हौदावर."

"आणि नुसता घोटा?" बुवांनी जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. "अगं, मग डोक्यावरचा घाव त्या डांगोनं आपल्या अंगावर घेतला. म्हणून मोडला. ताईत मोडला तर त्याचे आभार मानतात की त्याची चौकशी करतात? तुम्ही बायका म्हणजे कमाल आहात."

खरं सांगते, मला लाज वाटली. हे आम्हा सगळ्यांना लहानपणापासून ठाऊक आहे. आजीचं काय, तिला बेचाळीस वर्षांच्या तोऱ्यापुढे दुसरं काही सुचलं नाही. पण बाकीच्यांना तरी सुचायचं! दुसऱ्या दिवशी बुवांनी फुजिएला बोलावलं, दोन्ही तुकड्यांपुढे उदबत्ती लावली, पोथी वाचली आणि विधीपूर्वक ते अग्नीत सोडले. फुजिए डोळे पुसत बाहेर आली आणि बसथांब्यापर्यंत जो जो भेटला त्याला सांगत गेली.

गावानं अशी कूस बदलली की काही विचारू नका. कानाएच्या दारात मुळ्याचं लोणचं आलं, कुणी सुकवलेली पर्सिमनची फळं ठेवून गेलं, फुजिएनं तर स्वतः टोफू करून नेला आणि तिच्यासमोर, त्या दिवशी ती जशी वाकली होती, तशीच वाकली. "तुझ्या हातानं माझं कुंकू राखलं," म्हणाली. बिचारी कानाए "नाही हो, नाही हो" करत राहिली, आणि ती जितकी नाही म्हणे, तितकी लोकांना ती थोर वाटे.

मग लोकांनी आपापल्या पिशव्या उसवल्या. आणि तिथे शिगेनोआजीला ग्रहण लागलं.

"माझा बघा," एकजण म्हणाली, "चार वर्षं तोच ठेवलाय. एक चरा नाही! चार वर्षांत मी दोनदा घसरले, दाढ काढली, सासू आजारी पडली. हा आपला नुसता बसून खातोय."

"आजीच्या हातचा असणार."

"तिचे डांगो आपल्या जिवाला फार जपतात."

हे सगळं आजीच्या कानावर गेलं. गावात एकोणतीस घरं, जाणार कुठे? बेचाळीस वर्षं ज्याची मिजास केली तेच तोंड लपवायची गोष्ट होऊन बसलं. आणि ज्या डांगोनं माणूस वाचवला तो तिचाच, हे तिला पक्कं माहीत. पण स्वतःच्या तोंडानं, अकराजणींसमोर, भिंगातून बघून तिनं त्याला नाकारलेलं. आता कुठल्या तोंडानं मागणार? मी वाटेत भेटले तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "कंबर धरलीय. यंदा मला जमायचं नाही."

असं कधी झालं नव्हतं. ज्या वर्षी चोजी गेला त्या वर्षीही ती आली होती.

मग मानानं परातीपाशी बसवलं ते कानाएला. दहा मार्च. पोरीचा चेहरा उकडीपेक्षा पांढरा. तिनं पिठीत कढत पाणी ओतलं, बोटं भाजली, माफी मागितली, बहुधा पिठीची. मळू लागली. कधी थांबायचं हे सांगणारं कुणी नाही. "तुम्ही म्हणाल तसं, कानाएसान," असं सगळ्या आदरानं म्हणत. मी पाहत होते की उकड अजून फुटतेय. मी बोलले का? मी हात बर्फात घालून आले आणि वळायला बसले. पांढरे झाले, लाल, पिवळे, तीळ घालून काळे, आणि शेवटी वाळवलेल्या रानदवण्याचा पाला घालून हिरवे. वाफवले. मोठ्या दालनात चटयांवर पसरले.

बारा तारखेला सकाळी मी दालनाचं दार सरकवलं, तर चटयांवरून बारीक टकटक ऐकू येत होती. डांगो तडकत होते. एकेक करून, आपल्या आपण, कुणीही छपरावरून न पडता.

फुजिए धावत आली. "वहिनी, शुभ आहे हे! बघा, आत्तापासून घाव झेलायला लागले!"

बुवा मागून आले, एक डांगो उचलून दोन बोटांत धरला. त्याची भुकटी झाली. "हे झेलणं नाही," ते म्हणाले. "हे तडकणं आहे. हे फेकले तर लोकांच्या डोक्यावर पीठ पडेल." आणि ते झोपायला परत गेले.

तीन दिवस उरले होते. कानाए कोपऱ्यात बसून रडत होती. मी तिला उठवलं, बूट घालायला लावले आणि आम्ही दोघी आजीच्या घरी गेलो.

आजी गादीवर पडली होती, पोटाशी गरम पाण्याची पिशवी. कंबर दुखणाऱ्या माणसानं पिशवी पोटाशी का धरावी, हे मी विचारलं नाही.

"आजी," कानाए चटईला कपाळ लावून म्हणाली, "मी खोटं बोलले."

"कोण? तू?"

"तो हिरवा डांगो माझा नव्हता. माझा असूच शकत नाही. गेल्या वर्षी मी एकही गोळा वळला नाही. तुम्हीच म्हणालात, हिचे हात बावळट आहेत, हिला चहा देऊ दे. मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत चहा देत होते. पण त्या दिवशी सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मग... माझ्या तोंडून माफ करा गेलं."

मी आठवून पाहिलं. डांगो वळायच्या त्या दिवशी मी चार कप चहा प्यायले होते. चारही हिच्या हातचे. दहाजणींपैकी एकीलाही आठवलं नव्हतं, कारण चहा देणाऱ्याकडे कोण बघतं?

आजी उठून बसली. 

"म्हणजे तुला माहीत होतं."

"हो."

"तरी गावभर तुला हार घालत फिरले, तेव्हा गप्प बसलीस?"

"मी नाही म्हणत होते, आजी. कुणी ऐकतच नव्हतं!"

"आणि तू?" आजी माझ्याकडे वळली. "तू दिवा धरला होतास. तुझे डोळे फुटले नव्हते."

"तुमचे तरी कुठे फुटले होते?" मी म्हणाले. चौतीस वर्षांत पहिल्यांदा उलट बोलले. मलाच धक्का बसला.

आजीनं गरम पिशवी बाजूला ठेवली. दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. मग हळूच म्हणाली, "भिंगात बघितलं आणि मला भीती वाटली गं. वाटलं, हात गेले आपले. हात गेले तर मग मी कोण? चोजीची विधवा. बस." तिनं नाक पुसलं आणि आवाज पूर्ववत केला. "ही पोरगी माझ्यासाठी चटया झटकायला तयार झाली. मी पंधरा तारखेला सगळ्यांसमोर सांगणार आहे. आता बसता काय? पिठी किती उरलीय?"

तिची कंबर त्या क्षणी बरी झाली. मी औषधात इतका गुण पाहिलेला नाही.

दुपारपर्यंत सगळ्यांचे हात बर्फात होते. आजीनं कानाएला आपल्या डाव्या हाताला बसवलं. "थांबू नकोस. थांबावंसं वाटतंय? मग आणखी शंभर. बावळट हात असे नसतात, घाबरट हात असतात, ते वेगळं. मळ." संध्याकाळी डांगो वाफवून झाले. दालनात चार रॉकेलचे स्टोव्ह लावले आणि तीन दिवस आम्ही आळीपाळीनं त्यांना वारा घातला. एकही तडकला नाही.

पंधरा तारखेला दालन भरलं. एकोणतीस घरं आणि खालच्या गावातले पाहुणे धरून साठएक माणसं. तामेकिची कुबड्या घेऊन सगळ्यांत पुढे, त्याच्याभोवती गर्दी. पोथी संपली, बुवांनी टोपलीत हात घातला, आणि शिगेनोआजी उभी राहिली.

"थांबा. मला बोलायचंय."

बुवा थांबले. आजी बोलते म्हटल्यावर कुणीही थांबतं.

"गेल्या वर्षीचा तो हिरवा डांगो, तामेकिचीच्या खिशातला, तो माझा होता. मी बघताक्षणी ओळखला. मोडका दिसला म्हणून नाही म्हटलं आणि या पोरीवर ढकललं. हिनं काही केलं नव्हतं. मी खोटं बोलले. कानाए, मला माफ कर." आणि ती कंबरेतून वाकली, पूर्ण, आणि वाकलेलीच राहिली.

मला भरून आलं. आणि मग फुजिए म्हणाली, "पुरे हो, आजी."

आजीनं मान वर केली.

"मोडका होता तेव्हा 'माझा नाही'. आता त्याची उदबत्ती लागली, तेव्हा 'माझा'? या वयात शोभतं का?"

हसण्याची लाट उठली. मागून कुणी म्हणालं, "आजीला राहवेना."

कानाए ताडकन उभी राहिली. "नाही! खरंच त्यांचाच होता! मी तर चहा देत होते!"

"बघा," फुजिए गहिवरून म्हणाली, "म्हातारीची लाज राखायला ही पोरगी स्वतःचं पुण्य सोडतेय. केवढं मन!"

"मी पण पाहिलं होतं," मी ओरडले. "आत शिवण नव्हती!"

"वहिनी, तुम्ही त्यांच्या चेल्या. तुम्ही म्हणणारच."

"तुकडे दाखवा ना," आजी म्हणाली. "तुकडे आणा. आत बघा. दिसेलच."

सगळ्यांनी बुवांकडे बघितलं. बुवांनी टोपलीकडे बघितलं. "मी जाळले," ते म्हणाले. "विधीपूर्वक."

आजी उभीच होती, चार फूट सात इंच, साठ माणसं हसताहेत. जी अब्रू वाचवायला ती खोटं बोलली, ती अब्रू खरं बोलल्यानं गेली. मला वाटलं, आता ही तरातरा निघून जाईल. ती गेली नाही. ती पुढे आली आणि तामेकिचीसमोर बसली.

"पाय कसा आहे?" तिनं विचारलं.

तामेकिचीनं तिच्याकडे असं बघितलं की जणू ती परक्या भाषेत बोलली. "आजी," तो म्हणाला, "महिना झाला. गावातला माणूस न् माणूस येऊन गेला. डांगोचा रंग विचारला, कुठल्या खिशात होता विचारलं, उजव्या की डाव्या. पायाचं विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या." आणि त्यानं सांगायला सुरुवात केली. प्लास्टर, खाज, आतलं हाड कसं कुरकुरतं, रात्री कुठल्या कुशीवर बरं वाटतं, सगळं. बुवांनी डांगो उधळले, लोक एकमेकांच्या अंगावरून गेले, टोपल्या रिकाम्या झाल्या, चटया गोळा झाल्या, तरी तो सांगत होता. आजीनं एकदाही मधे तोंड घातलं नाही. तिच्या आयुष्यात ती एवढा वेळ गप्प बसल्याची दुसरी नोंद नाही.

हे झालं गेल्या वर्षी. यंदा बायकांनी ठरवून परातीची मुख्य जागा कानाएला दिली. शिगेनोआजीनं तिच्या डाव्या हाताला बसायचं आणि ती सांगेल तसं करायचं, असं फुजिएनंच जाहीर केलं. आजी "बरं" म्हणाली. आता परातीपाशी काय चालतं, ते मी शेजारी बसते म्हणून मला दिसतं. आजी उकडीला बोट लावते आणि ओठ न हलवता काहीतरी पुटपुटते. मग कानाए खाकरून मोठ्यानं म्हणते, "आणखी शंभर." सगळ्या कौतुकानं म्हणतात, काय पोरगी तयार झालीय! कानाए लाल होते आणि मळते. खरं सांगायचं तर मळते छान. काल मी तिचा एक गोळा मुद्दाम हातोड्यानं फोडून पाहिला. पापुद्रे नाहीतच म्हणायचे. एक बारीक रेघ होती फक्त.

आजी मात्र ऐकत नाही. जो भेटेल त्याला सांगते, तो डांगो माझा होता, मी खोटं बोलले होते. लोक हसतात आणि "हो हो, आजी" म्हणतात. औषधवाल्यालाही सांगून झालंय.

परवा मळणं चाललं असताना खालच्या गावातली एक बाई आली. तिचा नवरा यंदा नव्या कारखान्याच्या छपरावर कामाला जाणार. पंधरा तारखेपर्यंत थांबवेना तिला. "एक डांगो आधीच मिळेल का?" ती हात जोडून म्हणाली. "कानाएसानच्या हातचा, हिरवा. तो... वेळ आली तर मोडणारा."

कानाए गोंधळली. चटईवर सगळ्यांचे मिसळलेले होते. अकराजणी बघत राहिल्या. शिगेनोआजी उठली, गुडघ्यांवर सरकत चटईपर्यंत गेली, दोनचार डांगो बोटांनी चाचपले, एक निवडला, आणि त्या बाईच्या हातावर ठेवला.

"घे. मोडला तर तिचा. नाही मोडला तर माझा."

बाईनं तो कपाळाला लावला. कानाएनं बोलायला तोंड उघडलं, तर आजीनं ओल्या हातानं तिच्या मनगटावर चापट मारली.

"मळ," ती म्हणाली.